मुंगसऱ्याची वीस मिनिटं

बच्छावसाहेबांच्या मते जगात माणसांचे चारच प्रकार होते. पाटीवाले, दप्तरवाले, डबेवाले आणि रिकाम्या हाताचे. बसमध्ये चढताना तुमच्या हातात काय आहे, एवढं बघून ते तुमचा निकाल लावत. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर अकरा वर्षं बसले. माझी चांगली चामड्याची पर्स त्यांनी पहिल्याच दिवशी डब्यात जमा केली आणि मला डबेवाल्यांत टाकून दिलं.

नाशिकच्या शहर बसचं वेळापत्रक ते करायचे. वर्षातून तीनदा. उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी. म्हणजे ते आलेखाच्या मोठ्या कागदावर पेन्सिलीनं तिरक्या रेघा ओढायचे आणि मी त्या रेघांचं आकड्यांत रूपांतर करून टाइप करायची. आमचं ऑफिस स्टँडच्या वरच्या मजल्यावर. खाली गाड्यांचा धूर, वर आमच्या मशीनची खडखड. एक कॉम्प्युटर आला होता, पण तो प्लास्टिकच्या कव्हराखाली कोपऱ्यात नव्या नवरीसारखा बसून असायचा. त्याचं तोंड बघायला कुणी तयार नव्हतं.

साहेब मूळ सटाण्याकडचे. उंच, वाळके, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर कायम थोडी धूळ. बोलायचे आपल्यासारखंच, पण राग आला किंवा फार बरं वाटलं की तोंडातून अहिराणी निसटायची. "बाई, हाई काय शे?" असं त्यांनी विचारलं की मी समजायची, आपण आठाच्या जागी तीन टाइप केलेत.

ऋतू बदलायची वेळ आली की दुसरा एखादा साहेब गेल्या वर्षीची फाइल काढतो आणि तारखा बदलतो. आमचे साहेब चपला घालून निघायचे. मखमलाबादला जाऊन मळ्यातल्या बायकांना विचारायचे, मेथी कधी काढणार? द्राक्षाच्या बागेत शिरून विचारायचे, छाटणीला माणसं किती लागतील, कुठल्या गावची? एकदा तर एका शाळेच्या मुख्याध्यापकांना त्यांनी विचारलं, "सहामाही परीक्षेत नापास होणारी मुलं किती?" मुख्याध्यापक गोरेमोरे झाले. साहेबांचं गणित सरळ होतं. नापास झालेली मुलं दिवाळीनंतर शाळेत येत नाहीत, म्हणजे तेवढी दप्तरं कमी. "गाडी डिझेलवर नाही धावत, बाई," ते म्हणायचे. "लोकांच्या घरात आज काय चाललंय, त्यावर धावते."

आणि असा माणूस दुपारी एकटा खिडकीशी बसून भाकरी, कांदा आणि कोरडी चटणी खायचा. मी कधी भाजी पुढे केली तर एक चमचा घ्यायचे, वाटी धुऊन परत द्यायचे आणि म्हणायचे, "छान होती." भाजी कुठली होती हे त्यांना सांगता आलं नसतं.

एक नवे अधिकारी आले होते, त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून मखमलाबादची पहाटेची पहिली फेरी रद्द करा, असा त्यांनी हुकूम काढला. साहेब "बरं" म्हणाले. फक्त एवढंच म्हणाले की, रद्द करण्याआधी एकदा आपण दोघं त्या गाडीनं जाऊन येऊ. अधिकारी इस्त्रीच्या सफारीत आले. मखमलाबादच्या थांब्यावर अंधारात चाळीस पाट्या उभ्या होत्या आणि पाट्यांखाली बायका. त्यांतली एक माझी सासू! तिनं आत शिरल्या शिरल्या कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या अधिकाऱ्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, "धर रे बाबा जरा, माझा हात मोकळा नाय." पार मार्केटपर्यंत बिचाऱ्यांनी त्या धरल्या. साहेब मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होते. दहा वाजता अधिकारी ऑफिसात आले ते ओल्या पँटनं, आणि फाइलवर लिहिलं, 'चालू ठेवावी.'

सासूबाई घरी येऊन कौतुक करत होत्या, "आज गाडीत लय गुणी माणूस भेटला बघ. तोंडातून शब्द नाय काढला. बायकोनं चांगलं वळण लावलेलं दिसतं."

आता मुख्य गोष्ट.

साहेबांची बायको लवकर गेली. मागे एक मुलगी, सुनंदा. पंचवटीत दोन खोल्यांत बाप आणि लेक राहायची. सुनंदा शिकली, नोकरीला लागली, आणि बसनं जाता-येता तिचं आमच्याच आगारातल्या एका कंडक्टरशी जमलं. त्याचं नाव विलास. मुंगसऱ्याचा पोरगा, हसरा, आईवडील नसलेला. बापाला सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही. आणि मग जे झालं ते मी याचि डोळा पाहिलं. मी समोरच बसले होते.

विलासनं रजेचा अर्ज दिला. कारण, 'स्वतःचे लग्न.' चार दिवस. अर्ज शिफारशीला साहेबांपुढे आला. साहेब खूश झाले! कुणाचं लग्न निघालं की त्यांना उगाच आनंद व्हायचा. चष्मा वर करून म्हणाले, "चार दिवसांत काय होतं रे? हळद तरी उतरंल का? आठ घे." आणि स्वतःच्या हातानं चाराचे आठ केले. विलास पांढराफटक पडला. "साहेब, चार पुरेत," म्हणाला. "गप, घे. मुलगी कुठली?" "इथलीच, साहेब." "चांगली आहे ना?" "खूप चांगली आहे." साहेबांनी सही ठोकली आणि मला म्हणाले, "बाई, याला पेढे आणायला सांगा."

तिसऱ्या दिवशी सुनंदाची चिठ्ठी घरी सापडली.

साहेब त्या दिवशीही वेळेवर कामाला आले. दुपारपर्यंत रेघा ओढल्या. मग पेन्सिल खाली ठेवून मला एवढंच म्हणाले, "बाई, मी रजा मंजूर केली. लग्न नाही."

त्यानंतर सहा वर्षं लेकीचं तोंड बघितलं नाही. आणि जावयाचं? ते रोज बघत होते! विलास सकाळी ड्युटी घ्यायला यायचा, संध्याकाळी तिकिटांचा ट्रे जमा करायला यायचा. दोघं बोलायचेसुद्धा. "साहेब, मातोरीच्या वळणावर रस्ता खचलाय, सहा मिनिटं लेट." "बरं. उद्या बघतो." सहा वर्षांत याच्या पलीकडे शब्द नाही. साहेबांनी त्याला कधी वाईट ड्युटी दिली नाही आणि कधी चांगलीही दिली नाही. बाकीचे कंडक्टर गंमत बघायला टपलेले असायचे, पण त्यांना काही मिळालं नाही. मला मात्र एक मिळालं. पावसाळ्यात मुंगसऱ्याची गाडी लेट झाली की साहेब खिडकीशी जाऊन उभे राहायचे. दुसऱ्या कुठल्या गाडीसाठी नाही.

मग एका वर्षी श्रावणच अधिक आला. म्हणजे लागोपाठ दोन श्रावण, पहिला अधिकाचा आणि दुसरा खरा. वरून नेहमीचं पत्रक आलं की, श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला जादा गाड्या सोडाव्यात. पत्रक लिहिणाऱ्यानं कॅलेंडरात 'श्रावण' शब्द बघितला आणि तारखा टाकून मोकळा झाला.

साहेब पत्रक घेऊन अधिकाऱ्यांकडे गेले. दार उघडंच होतं, आम्ही सगळे ऐकत होतो.

"साहेब, हा श्रावण देवाचा नाही. देवाचा पुढचा."

"मग हा कुणाचा?"

"जावयांचा."

हसू नका. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, तेहतीस अनारसे आणि दिवा वाण म्हणून द्यायचा, ही रीत घरोघरी. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना, त्यामुळे कुठलाच जावई चुकवत नाही. साहेबांनी मोजून दाखवलं की सोमवारी त्र्यंबकला थोडी गर्दी होईल, पण रविवारी सगळ्या खेड्यांकडे जाणाऱ्या गाड्या फुटतील. अधिकारी शहाणे निघाले. रविवारच्या जादा फेऱ्या मंजूर झाल्या. कागदावर 'अधिक मास जादा फेऱ्या', आणि आगारात 'जावई फेऱ्या'.

साहेब त्या महिन्यात नुसते फुलले होते. रविवारी स्टँडवर उभे राहून मला जावई दाखवायचे. "तो बघा. नवा शर्ट, घडीची रेघ तशीच. बायको चार पावलं पुढे, कारण माहेर तिचं. हा सकाळचा जावई. आता संध्याकाळी बघा, बायको मागे, याच्या हातात स्टीलचा डबा, आणि चालणं असं की गाव जिंकून आलाय." आणि मग डबा घेतलेला एखादा जावई गाडीत चढून दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे.

अशाच एका रविवारनंतर सोमवारी त्यांनी मला विचारलं, "बाई, अनारसे कसे करतात?"

मी मान वर केली नाही. माणूस एवढ्या कष्टानं बोलतो तेव्हा त्याच्याकडे बघू नये. मी टाइप करता करता सांगत गेले आणि त्यांनी आलेखाच्या कागदावर उतरवून घेतलं. तांदूळ भिजणे, सोमवार सकाळी सात. पाणी बदलणे, मंगळवार सात, बुधवार सात. उपसणे, गुरुवार. तळण, पुढच्या आठवड्यात. अनारशांचं असं वेळापत्रक जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल. पहिला घाणा तुपात विरघळला. त्याला आमच्याकडे अनारसे हसले म्हणतात. दुसऱ्या दिवशी साहेब गंभीरपणे येऊन म्हणाले, "बाई, सगळे हसले." पुन्हा पीठ केलं तेव्हा जमले.

बोलावणं माझ्यातर्फे गेलं. शेवटच्या रविवारी दोघांनी जेवायला यावं. विलासनं मला दोनदा विचारलं, "साहेब स्वतः म्हणाले?" दुसऱ्या दिवशी सुनंदाचा निरोप आणला. "दोघं येऊ. एकटी मी येणार नाही. सहा वर्षांपूर्वी घर सोडलं ते याच्यासाठी, आता याला सोडून कशी येऊ?"

आणि इथं घात झाला. त्या रविवारी जावई फेऱ्यांमुळे सगळ्या कंडक्टरांच्या रजा बंद होत्या. हुकूम साहेबांचाच. अख्ख्या जिल्ह्याचे जावई सासरी पोचवायच्या नादात स्वतःचा जावई त्यांनी ड्युटीला लावला होता, आणि ही गोष्ट निरोप येईपर्यंत त्यांच्या लक्षातही आली नव्हती!

मी म्हटलं, "साहेब, एका माणसाची अदलाबदल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कुणासाठी?"

"विलाससाठी. तुमचा जावई आहे तो."

"आगारात नाही," साहेब म्हणाले.

रविवारी सकाळी ते स्टँडवर आले ते धुतलेलं धोतर आणि टोपी घालून. हातात स्टीलचा डबा, पिशवीत पितळी दिवा. मला आधीच सांगून ठेवलं होतं, "जावयाला सुट्टी नाही, तर वाण घेऊन आपणच जायचं. बाई, तुम्ही बरोबर असाल तर बरं." आम्ही मुंगसऱ्याच्या गाडीत बसलो. विलास तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला. साहेबांचा पास होता, पण त्यांनी तो काढलाच नाही. "एक मुंगसरा," म्हणाले. विलासनं तिकीट फाडलं. गाडीत सगळीकडे नव्या शर्टांतले जावई दाटीवाटीनं उभे होते.

मुंगसऱ्याला गाडी पाच मिनिटं थांबायची. उतारू उतरले. साहेब उभे राहिले, टोपी सारखी केली आणि डबा पुढे केला.

"साहेब," विलास हळू आवाजात म्हणाला, "ड्युटीवर असताना प्रवाशाकडून काही घेता येत नाही."

अगदी खरं होतं. त्या नियमाचा कागद मीच टाइप केला होता, आणि खाली सही साहेबांची होती. विलासनं ते खिजवायला म्हटलं नव्हतं. सहा वर्षं ज्या माणसासमोर नियमानं वागला, त्याच्यासमोर त्याला दुसरं काही सुचेना.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"पण तुम्ही उतरा ना. ते हातपंपापलीकडे तिसरं घर. सुनंदा आहे. मी पुढच्या फेरीला येतो, तेव्हा एकत्र जेवू."

साहेब उतरले. मी उठायला लागले तर म्हणाले, "तुम्ही बसा, बाई. इथून मी जातो." घंटी वाजली, गाडी वळली. मागच्या काचेतून दिसलं ते एवढंच, थांब्यावर उभा एक उंच माणूस, दोन्ही हातांनी डबा धरलेला. मी मखमलाबादला उतरून घरी गेले आणि सासूबाईंना सांगितलं, "झालं एकदाचं!"

सोमवारी विलासनं मला गाठलं. चेहरा उतरलेला.

"काय झालं? जेवले का?"

"कुठलं जेवतात! मी एक वीसला पोचलो. साहेब थांब्याजवळ, रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसलेले. गेलेच नाहीत घरी."

"आणि सुनंदा?"

"ती दारात उभी."

"अरे, मग तिला दिसले नाहीत?"

"चांगले दिसत होते. मधे एक हातपंप. ती म्हणते, बाबा येतील म्हणून मी उभी होते. ते म्हणतात, लेक बोलवायला येईल म्हणून बसलो होतो. एक तास पस्तीस मिनिटं, बाई! मला दोघांवर ओरडावंसं वाटलं. पण गाडी आधीच लेट होती."

साहेब त्याच गाडीनं परत आले होते. त्या सोमवारी संध्याकाळी विलासनं ट्रे जमा केला, सही केली, खाकी शर्ट काढून साधा घातला आणि साहेबांच्या टेबलापुढे जाऊन वाकला. "आता ड्युटी संपली, आप्पा. आता घेतो." साहेबांनी डबा आणि दिवा दिला, आणि मग घसा खाकरून म्हणाले, "बत्तीस आहेत. मोरीवर भूक लागली होती."

तुम्हाला वाटेल, आता सगळं सुरळीत झालं असेल. मलाही वाटलं होतं. पण सहा वर्षांत माणसाच्या पायांना एक वाट विसरायला होते. पुढे आठवडे गेले आणि बापही गेला नाही, लेकही आली नाही.

नोव्हेंबरात हिवाळी वेळापत्रक आलं. साहेबांचं ते शेवटचं, फेब्रुवारीअखेर निवृत्ती होती. कागद टाइप करता करता मी थबकले. मुंगसरा, आगमन अकरा चाळीस, प्रस्थान बारा. वीस मिनिटं! मिनिटामिनिटासाठी ड्रायव्हरांशी भांडणाऱ्या माणसानं भरदिवसा वीस मिनिटं गाडी उभी करून ठेवली होती. शेऱ्यात लिहिलं होतं, 'टोमॅटोच्या पाट्या चढविण्यास वेळ लागतो.'

मी माळ्याच्या घरची सून. म्हटलं, "साहेब, दुपारी बाराला कुठला टोमॅटो? टोमॅटो पहाटेच मार्केटला जातो."

साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"टाइप करा, बाई," म्हणाले.

केलं. अकरा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ती एवढीच गोष्ट, तीसुद्धा टोमॅटोच्या नावावर.

त्या वीस मिनिटांत काय व्हायचं ते मी एकदाच बघितलं. नात्यातल्या एकीकडे मुंगसऱ्याला गेले होते. रविवार होता. गाडी उभी होती, ड्रायव्हर आणि त्या दिवशीचा दुसरा कंडक्टर चहाला गेलेले. आत एकच माणूस, खिडकीशी. बाहेर सुनंदा, एक हात खिडकीच्या गजावर. मी तुरीच्या शेताच्या कडेला थांबले. चोरून ऐकलं, कबूल करते. दोघं अहिराणीत बोलत होते, गोळी घेतली का असं ती विचारत होती.

"गोळी लिधी का?"

"लिधी."

"खोटं बोलतस."

मग तिनं कागदात बांधलेलं काहीतरी आत दिलं. त्यांनी उघडून बघितलं, पुन्हा बांधलं.

"बाबा, उतरा ना खाले. घर आठेच शे," तिनं हातपंपापलीकडे बोट केलं.

"गाडी सुटी जाई," साहेब म्हणाले.

ज्या माणसानं गाडी वीस मिनिटं उभी केली होती, तोच म्हणत होता की गाडी सुटून जाईल! मला हसू आलं. सुनंदानं पुन्हा विचारलं नाही. कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत ती गजाला धरून उभी होती, आणि साहेबांनी आपली बोटं त्याच गजावर, तिच्या बोटांच्या जरा वर ठेवली होती.

साहेब निवृत्त झाले. नारळ, शाल, दोन भाषणं. त्यांच्या जागी आलेल्या तरुण साहेबांनी उन्हाळी वेळापत्रक दोन दिवसांत केलं. हुशार होते. मुंगसऱ्याची वीस मिनिटं त्यांना लगेच खुपली आणि त्यांनी तिथं पाच लिहिलं.

आता माझी कबुली. मी वीसच टाइप केलं. त्याप्रमाणे पुढच्या वेळाही सरकवल्या. नव्या साहेबांनी न वाचता सही केली आणि गाडी उन्हाळाभर मुंगसऱ्याच्या लिंबाखाली वीस मिनिटं उभी राहिली. ड्रायव्हरांची तक्रार असायचं कारणच नव्हतं.

जूनमध्ये पावसाळी वेळापत्रकाचे कागद माझ्यापुढे होते, तेव्हा जिन्यात ओळखीची पावलं वाजली. साहेब आले. जास्तच वाळले होते. मी खुर्ची दिली, पण बसले नाहीत.

"बाई, मुंगसऱ्याची गाडी अजून वीस मिनिटं थांबते."

"हो."

"नव्या साहेबांनी कमी केली असतील ना?"

"पाच केली होती. माझी टायपिंगची चूक झाली."

साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. अकरा वर्षांत माझी प्रत्येक चूक पकडणारा माणूस.

"चांगली मोठी चूक केली," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता दुरुस्त करा."

"का हो, साहेब?"

"विलासची बदली झाली. कळवणला. परवा सामान गेलं. घराला कुलूप लावलं." मग म्हणाले, "गाडी आता फुकट उभी राहते. पंधरा मिनिटं लोकांची आहेत ती."

मी म्हटलं, "कळवण काय लांब नाही, साहेब. तुम्ही जाऊन याल."

"सुनंदा म्हणाली, या," ते म्हणाले. "पण तिकडच्या गाड्यांचं मला काही माहीत नाही."

ते तिथंच उभे राहिले. मी कागद मशीनला लावला. मुंगसरा, आगमन अकरा चाळीस, प्रस्थान अकरा पंचेचाळीस. त्यांनी वाकून ओळ वाचली, बोट खाली सरकवत पुढच्या सगळ्या वेळा तपासल्या. "बरोबर," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी खिडकीशी गेले. साहेब स्टँडवरच्या चौकशीच्या रांगेत उभे होते. पुढे चार-पाच माणसं. त्यांची पाळी आली तेव्हा ते बाजूला झाले आणि मागच्या माणसाला पुढे जायला हात केला. मग त्याच्या मागच्याला. एक बाई कडेवर मूल घेऊन धापा टाकत आली, काहीतरी विचारू लागली. साहेबांनी वेळापत्रकाच्या पाटीकडे न बघता पलीकडच्या फलाटाकडे बोट केलं, तिची पिशवी घेतली आणि तिच्याबरोबर भराभर चालत गेले. ती कळवणची गाडी होती. त्यांनी बाईला वर चढवलं, पिशवी आत दिली. दाराचा दांडा त्यांच्या हातात होता. कंडक्टरनं वाकून त्यांना काहीतरी विचारलं. साहेबांनी मान हलवली आणि दांडा सोडला.

गाडी निघाली. वेळेवर निघाली असावी, कारण ती वळेपर्यंत ते समाधानानं बघत होते. मग परत आले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.